सातवं बटण

मी कीबोर्ड बोलतोय. थांबा, हात लावण्याआधी तळवे दाखवा बघू. तेलकट नाहीत ना? आणि तो चहाचा कप जरा लांब ठेवा. "मी नाही सांडणार" असं म्हणणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. माझ्या पोटात गेलेला चहा त्यांचाच होता.

तुम्ही म्हणाल, काय हा संशयी स्वभाव! असेल. पण ज्याचा जन्मच संशयात झाला त्याने दुसरं काय शिकावं? कारखान्यात माझी बटणं बसवून झाली, पोटातलं जोडकाम झालं, आणि कौतुकाचा एक शब्द न बोलता मला एका यंत्राखाली सरकवलं. त्या यंत्राला लोखंडी बोटं होती. त्याने माझी सगळीच्या सगळी बटणं एकदम दाबली. ती पडद्यावर पोचली का, ते एका तपासणीवाल्या बाईंनी पाहिलं. सगळी पोचली होती. तरी बाईंनी ओठ मुडपले आणि म्हणाल्या, "परत घे." परत दाबली, परत पोचली. तेव्हा कुठे माझ्या पाठीवर शिक्का बसला.

हे सगळं कशासाठी, तर मी खेळायचा कीबोर्ड म्हणून. पत्र लिहिणारा माणूस एका वेळी एक अक्षर दाबतो. खेळणारा धावतो, वळतो, पकडतो आणि उडी मारतो, तेही सगळं एकदम. एका वेळी दाबलेली किती बटणं संगणकापर्यंत पोचतात, त्यावर आमची जातकुळी ठरते. स्वस्तातल्या भाईबंदांची मजल दोन-तीन बटणांपर्यंत. पुढचं ते गिळून टाकतात, आणि कधी कधी तर कुणी न दाबलेलंच अक्षर पडद्यावर उमटवतात. लोक म्हणतात, कीबोर्डात भूत आहे.

माझ्यात भूत नव्हतं. "कितीही बटणं दाबा, सगळी पोचतील," असं माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. "वायर जोडलेली असल्यास," हे त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. मुंगीएवढं कोण वाचतंय? खोकं पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात गेलं.

माझं पहिलं ठिकाण म्हणजे एक गेमिंग कॅफे. तिथे मला बारीक साखळीने टेबलाला बांधलं होतं. मी पळून कुठे जाणार होतो ते मालकालाच ठाऊक. खेळायला येणारे जिंकले की म्हणायचे, "बघितलास माझा हात?" हरले की म्हणायचे, "कीबोर्डच भिकार आहे." मग मूठ आपटायची माझ्यावर. एकानेही कधी हरल्यावर स्वतःच्या बोटांकडे पाहिलं नाही. माणूस आधी दुसऱ्यावर संशय घेतो हे मी तिथे शिकलो, आणि शिकून ठेवलं.

माझ्याबरोबर नखाएवढा एक तुकडाही आला होता. तो संगणकात खोचला की वायरीशिवायही माझं सगळं झटक्यात पोचायचं. एका गिऱ्हाइकाने तो लांबवला. लाल टोपीवाल्याने. पुरावा नाही माझ्याकडे, पण तो माझ्याकडे बघून हसला होता.

कॅफे बंद पडला तेव्हा सगळं सामान विकायला काढलं. एक मुलगी आली, तिने मला उलटं केलं आणि झटकलं. माझ्यातून इतका चुरा पडला की मला लाज वाटली. तिने नाक मुरडलं, पण ठेवून दिलं नाही. तिच्या घरी तिला सगळे चिमणी म्हणत. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आई नोकरीसाठी दूर असायची, त्यामुळे शाळेत जायला लागल्यापासून ती मामा-मामींकडेच वाढली होती.

मामांचा धंदा कवळ्या करायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मामांनी दात घडवून भरलं होतं, स्वतःचं आणि घरातल्या सगळ्यांचं. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर झुकता दिवा, प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या आणि ओळीने लावलेल्या कोरण्या. मामा मेणात एकेक दात असा बसवायचे की घालणाऱ्याच्या बायकोलाही फरक कळू नये. मी आतल्या खोलीत असायचो, पण मधलं दार सताड उघडं असायचं, आणि माझं लक्ष सगळीकडे असतं.

मला वाटलं, इथेही मूठ आपटणारच कुणीतरी. वाट बघत बसलो. कुणी आपटली नाही. तेव्हा मला जास्तच संशय आला.

दर रविवारी दुपारची जेवणं झाली की मामा आणि चिमणी खेळायला बसायचे. दोघांत मी एकटाच. डावीकडची बटणं चिमणीची, उजवीकडची मामांची. खेळ असा, की दोन हमाल एक मोठा आरसा उचलून घरांच्या छपरांवरून नेतात. पुढचा हमाल चिमणी, मागचा मामा. प्रत्येकाला चार बटणं: धर, दिशा, पळ आणि उडी. छप्पर संपलं की दोघांनी बरोबर उडी मारायची. एक उडाला आणि दुसरा राहिला, की आरसा तिरपा होतो आणि खळ्ळकन खाली.

दोघांची खेळायची तऱ्हा वेगळी होती, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं म्हणून सांगतो. चिमणी उतावळी. कडेशी आली की पळायचं बटण सोडून द्यायची आणि मग उडी दाबायची. मामा काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. धर दाबलेलं, दिशा दाबलेली, पळ दाबलेलं, आणि त्यावर उडी. "मागच्याने ढिलं सोडलं की पुढच्याचा तोल जातो," असं ते म्हणायचे. खेळात तसा काही नियम नव्हता, पण मामांना तो होता.

मी तेव्हा वायरीने संगणकाला जोडलेला होतो. वायर म्हणजे रुंद रस्ता. दाबाल तेवढं पोचतं. त्या दिवसांत दोघं शेवटच्या छपरापर्यंत सहज जायचे. आरसा खाली टेकवला की मामा टाळीसाठी हात पुढे करायचे आणि मामी आतून विचारायच्या, "पोचला का एकदाचा आरसा? आता भांडी पोचवा मोरीत."

ती वायर मामींना पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. संगणक भिंतीपाशी, सोफा समोर, आणि मध्ये ही लोंबती. एकदा त्या ट्रे घेऊन येताना अडखळल्या. ट्रे वाचला, पण मामींचं तोंड सुटलं. "एक तर ही वायर राहील नाहीतर मी!"

चिमणीने हसत हसत वायर काढली, माझ्या पाठीवरचं बारीक बटण सरकवलं आणि मला ब्लूटूथवर टाकलं. झालं. मी बिनवायरीचा झालो. सगळे खूश. मी नव्हतो. मला ठाऊक होतं की ही वाट अरुंद आहे. सगळ्या कीबोर्डांचं असं नसतं, ज्याची त्याची घडण. पण माझ्या घडणीत त्या वाटेवर एका वेळी सहाच बटणं मावतात. आधी आलेली सहा आत, सातवं दाराबाहेर. टायपिंगला काही फरक पडत नाही, कारण सहा बोटांनी एकदम कोण लिहितं? म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता हिशेब करा. छपराच्या कडेशी मामांची तीन बटणं दाबलेली. चिमणीने पळ सोडून उडी दाबलेली, म्हणजे तिचीही तीन. झाली सहा. त्यावर मामांची उडी म्हणजे सातवं बटण.

त्याच सुमारास चिमणीला हॉस्पिटलात नोकरी लागली आणि काही महिने रविवारचा खेळ बंदच राहिला. पुन्हा बसले तेव्हा वायर होती की नव्हती हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पहिल्याच छपरावर चिमणी उडाली, मामा राहिले, आरसा गेला. दोघं हसले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मामांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "चिमणे, हे उडीचं बटण लागत नाहीये."

चिमणीने बटण दाबून पाहिलं. एकटं दाबल्यावर ते न लागायला काय झालं? छान लागलं.

"लागतंय की, मामा."

आतून मामी म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले, मामाही हसले. पण मी मामांच्या बोटाखाली होतो. ते बोट हसण्याआधी एक क्षण थबकलं होतं.

त्यामागची गोष्ट मला मग तुकड्यातुकड्याने कळली. मामांचे वडीलही कवळ्या करायचे, त्याच टेबलावर. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते लपवलं. कधी कप हातातून निसटायचा, कधी शर्टाचं बटण लागायचं नाही, आणि ते म्हणायचे, "कपच निसरडा आहे." वाकड्या बसलेल्या कवळ्यांनी माणसांच्या हिरड्या सोलून निघाल्या तरी ते मान्य करेनात. शेवटी गिऱ्हाइकांनी दारात येऊन नको नको ते ऐकवलं. मामा तेव्हा तरुण होते. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की ज्या दिवशी आपला हात फसवेल त्या दिवशी आपण होऊन टेबल सोडायचं.

आणि आता उडीचं बटण लागत नव्हतं.

त्या रविवारपासून घरात संशयाने बिऱ्हाडच केलं. चिमणी नवी नर्स. शिकलेल्या डोळ्याला नव्या नव्यात सगळीकडे रोगच दिसतो. ती मामांच्या हाताकडे बघू लागली. मामा कप कसा उचलतात, शर्टाची बटणं किती वेळात लावतात, चालताना हात हलतो का. बघायची आणि बघत नसल्यासारखं दाखवायची. मामांना ते कळायचं. मग ते कप दोन्ही हातांनी धरायचे. ते बघून चिमणीला वाटायचं, बघा, एका हाताने धरवत नाहीये!

मामींनाही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटू लागलं. त्या दोघांवर नजर ठेवून. दुपारी चिमणी फोनवर मैत्रिणीशी हळू आवाजात बोलली, तर मामी पडद्याआड. मामा आरशासमोर हात पुढे करून उभे राहिले, तर मामी दाराआड. एकाच घरात तीन माणसं, तिघंही एकमेकांचे हेर. मी संशयी खरा, पण इतका संशय मलाही झेपेना.

रविवारी खेळायला बसायचे ते आता खेळायला नव्हेच. मामा हाताची परीक्षा घ्यायला बसायचे, चिमणी परीक्षकासारखी. आरसा फुटायचा. एकदा चिमणी मुद्दाम पळतच राहिली, उडालीच नाही. दोघं एकदम राहिले, एकदम पडले. मामांनी माझ्यावरचे हात उचलले.

"मुद्दाम केलंस ना?"

"नाही रे, चुकलं माझं."

"तुझं कधी चुकत नाही, चिमणे. मला म्हाताऱ्यासारखं सांभाळू नकोस."

दोघं पडद्यावरच्या फुटक्या काचांकडे बघत बसले.

मला काय वाटलं असेल विचार करा. मामांचं बोट दर वेळी तळापर्यंत आलं होतं, नेमक्या वेळी, ठाम. मी त्याची खूण घेतली होती आणि ती पोचवू शकलो नव्हतो. कॅफेत माझा काही दोष नसताना लोक माझ्यावर खापर फोडायचे. इथे आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर संशय घ्यायला हवा होता, आणि कुणी घेतच नव्हतं. घ्या ना माझ्यावर संशय, असं मी ओरडून सांगितलं असतं. पण कीबोर्ड कुणी दाबल्याशिवाय बोलत नाही.

शेवटी चिमणीने मामांना डॉक्टरांकडे नेलं. परत आले तेव्हा मामी दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाले?"

"बोटं नाचवायला लावली, चालायला लावलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं," मामा चपला काढत म्हणाले. "म्हणाले, आत्ता काही दिसत नाही."

"मग चांगलं आहे की!"

"आत्ता काही दिसत नाही, म्हणजे पुढे दिसेल. आणि ही त्यांच्याशी बाजूला जाऊन काय बोलत होती, ते विचार हिला."

"मामा, मी त्यांना फक्त थँक्यू म्हणाले!"

"थँक्यूला एवढा वेळ लागतो?"

एकदा संशयाने मनात घर केलं, की चांगली बातमीसुद्धा वाईटाचीच खूण वाटते. डॉक्टरांचं म्हणणं अगदी खरं होतं आणि त्याचा उलटाच परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी मामा टेबलाशी बसले, एका आजीबाईंची अर्धी झालेली कवळी पुढ्यात घेतली, कोरणी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मेणाला हातच लावला नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मग एका सकाळी मामांनी आपल्याला काम पाठवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आवाज अगदी साधा होता. "बाई, रविवारी संध्याकाळी माणूस पाठवा. आजींचा साचा आणि माझी हत्यारं देतो. नव्या कुणाला तरी उपयोगी पडतील... नाही, बरा आहे मी. हात बरा असतानाच थांबलेलं बरं."

मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. पुन्हा आत गेल्या आणि नळ उगाच मोठा सोडून उभ्या राहिल्या.

तो रविवार उजाडला. मामांनी कोरण्या एकेक करून पुसल्या आणि फडक्यात गुंडाळल्या. मग टेबलाचा खण रिकामा करायला बसले. मेणाचे तुकडे, जुने चष्मे, तुटका ब्रश, आणि त्या सगळ्याच्या खाली वेटोळं घालून पडलेली माझी वायर. दिव्याला लांब वायर हवी म्हणून त्यांनीच कधीतरी नेली होती, ती काही त्याला बसली नाही, आणि मग खणातच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"चिमणे, ही तुझी वायर," मामा म्हणाले. "घे, नाहीतर माझ्या सामानाबरोबर जायची."

चिमणीने ती हातात घेतली. तिचे डोळे लाल होते. "मामा, माणूस यायला वेळ आहे. एक डाव खेळू या?"

"नको गं."

"शेवटचा. मग नाही विचारणार."

मामा आले. चिमणीने मला मांडीवर घेतलं, तर मी मेलेला. किती तरी दिवस मला कुणी फोनच्या चार्जरला लावलंच नव्हतं. असल्या उदास घरात कीबोर्डाच्या पोटापाण्याचं कोण बघतो? चिमणीने दोन-तीन वेळा दाबून पाहिलं, सुस्कारा टाकला, आणि हातातली वायर माझ्यात खोचून बारीक बटण वायरीकडे सरकवलं.

डाव सुरू झाला. पहिलं छप्पर. चिमणीची उडी. मामांची उडी. दोघंही पलीकडे.

दुसरं छप्पर. दोघंही पलीकडे. तिसरं, चौथं. मामांचा श्वास मला बोटांतून कळत होता. चिमणी माझ्याकडे बघतच नव्हती, फक्त त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. शेवटच्या छपरावर हमालांनी आरसा खाली टेकवला.

"आज चांगला दिवस आहे हाताचा," मामा सावकाश म्हणाले. "बाबांचेही असे यायचे मधूनमधून."

हे ऐकून मला माझी सगळी बटणं उपटून फेकावीशी वाटली. इतकं समोर आलं तरी संशय हातावरच!

पण चिमणीची मान तिरकी झाली होती. तशी मान मी ओळखतो. मामींचीही तशीच होते, दूधवाल्याशी बोलताना. "मामा," ती म्हणाली, "आज काय वेगळं आहे?"

"काय असणार? सगळं तेच."

"तेच नाही. आज वायर आहे."

तिने वायर तशीच ठेवली, पण बारीक बटण पुन्हा बिनवायरीकडे सरकवलं. पुन्हा डाव. पहिलंच छप्पर, आरसा खळ्ळकन खाली. बटण वायरीकडे, आरसा पलीकडे. बिनवायरीकडे, खाली. मामा आता पुढे सरकून बसले होते.

"खेळ बंद कर. साधं लिहायचं पान उघड," ते म्हणाले. "मी तीन अक्षरं दाबून धरतो, तू तीन धर. एकामागून एक. सोडायची नाहीत."

सहा बोटं माझ्यावर टेकली. सहाही अक्षरं पडद्यावर आली आणि सहावं ओळभर धावत सुटलं.

"आता सातवं कोण दाबणार? माझा हात नको, त्याच्यावर संशय आहे," मामा म्हणाले.

चिमणीने हाक मारली, "मामी! ए मामी! लवकर ये, एक बोट घेऊन!"

मामी आल्या. हाताला पीठ होतं. एरवी मी किंचाळलो असतो, त्या दिवशी चालवून घेतलं. "कुठलं दाबू?"

"कुठलंही. अक्षर पाहिजे."

मामींनी बोट टेकवलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. पडद्यावर आपलं सहावंच अक्षर धावतंय. मामींनी बोट उचलून डोळ्यांसमोर धरलं आणि उलटसुलट पाहिलं. "अगंबाई! माझंही बोट गेलं का?"

चिमणीने मोकळ्या हाताने बारीक बटण वायरीकडे सरकवलं, पुन्हा सगळ्यांनी बोटं टेकली, मामींनी आपलं दाबलं, आणि मामींचं अक्षर पडद्यावर टणाटण उड्या मारत निघालं.

"सहाच जातात," चिमणी म्हणाली. "वायर नसली की सहाच जातात, मामा. सातवं जातच नाही. तुझी उडी सातवी होती. दर वेळी सातवी होती!"

मामांनी उजवा हात उचलला आणि समोर धरला. तो हात थरथरत होता. आता मात्र खरंच थरथरत होता, पण ते रडू होतं. मामी मटकन सोफ्यावर बसल्या. "म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं," असं म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून त्याच पदराने माझ्यावरचं पीठही पुसलं. मग फोन त्यांनीच लावला. "बाई, माणूस पाठवू नका. नाही, काही झालं नाही. आजींना म्हणावं, या आठवड्यात दात मिळतील."

मामांनी फडकं सोडून कोरण्या पुन्हा ओळीने लावल्या. मी मधल्या दारातून पाहत होतो. आजीबाईंची कवळी त्यांनी पूर्ण केली, आणि एकही दात वाकडा नव्हता.

एक सांगायचं राहिलं. त्याच दिवशी, सगळं शांत झाल्यावर, मामींकडे चोरून बघत चिमणी म्हणाली, "मामा, वायर नको असेल तर सोपा उपाय आहे. उडीच्या आधी पळायचं बटण सोडून द्यायचं. मी तेच करते, म्हणून माझी उडी पोचते."

"एवढंच?" मामा म्हणाले. ते बसले. कडेशी आले. मला कळत होतं, बोट सुटायला बघत होतं आणि सुटत नव्हतं. आरसा पडला. पुन्हा बसले, पुन्हा तेच. चौथ्यांदा त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"नाही जमत गं. मागच्याने ढिलं कसं सोडायचं? पुढे तू असतेस."

चिमणीने बारीक बटण वायरीकडे सरकवलं. ते आजतागायत तिथेच आहे.

आता माझी अक्षरं बरीच पुसली आहेत. मामांकडचं उडीचं बटण मध्यंतरी तडकलं, तेव्हा त्यांनी कवळीच्याच मसाल्याचं नवं घडवून बसवलं. हिरडीच्या रंगाचं आहे, गुलाबी. पाहुणे हसतात. वायर सोफ्यापासून भिंतीपर्यंत आडवी पसरलेली असते, आणि मामी रोज तिला शिव्या घालत तिच्यावरून पाय उचलून जातात. काढा मात्र कधी म्हणत नाहीत.

माझा स्वभाव काही बदलला नाही. मामींच्या ट्रेचा मला भरवसा नाही, पाहुण्यांच्या पोरांचा तर नाहीच, आणि तुमच्या त्या कपाकडेही माझं मघापासून लक्ष आहे. पण एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणाचा हात चुकला, कुणाचं पाऊल अडलं, कुणाचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचलं नाही, तर त्या माणसाकडे संशयाने बघू नका. आधी माझ्यावर संशय घ्या. मला जन्मापासून सवय आहे.